वापरलेली रबरी मूठ देताना

आपल्या रिव्हॉल्व्हरची वापरलेली रबरी मूठ फुकट देऊ करताना एकाने ‘मधल्या आकाराच्या कोणत्याही रिव्हॉल्व्हरला ही मूठ बसेल, ज्याला हवी त्याने न्यावी’ असे म्हटले आहे. फुकट देण्याची कल्पना मला मनापासून आवडली, पण ‘कोणत्याही’ या शब्दाशी मी सहमत नाही. स्मिथ अँड वेसन कंपनी रिव्हॉल्व्हरच्या सांगाड्याच्या (फ्रेमच्या) आकारांना अक्षरे देते; त्यांतील के आणि एल फ्रेमची मूठ एकच असली, तरी ‘जे’ फ्रेम लहान असते, आणि रुगर कंपनीच्या जीपी १०० या रिव्हॉल्व्हरमध्ये तर मुठीच्या आत पूर्ण चौकटीऐवजी केवळ एक खुंटी असल्यामुळे तिची मूठ अगदी वेगळ्या घडणीची असते. शिवाय के फ्रेममध्येही बुडाचा (मूठ बसते त्या भागाच्या खालच्या टोकाचा) आकार गोल की चौकोनी हे सांगायलाच हवे, कारण गोल बुडाच्या फ्रेमवर चौकोनी घाटाची खास मूठ चढवता येते, उलट मात्र जमत नाही.

चर्चेत न आलेली एक गोष्ट म्हणजे आतला धातूचा लहान दुवा. होग या मुठी बनवणाऱ्या कंपनीच्या अखंड रबरी मुठीत हा दुवा फ्रेमच्या तळाशी असलेल्या पिनेवर अडकतो आणि खालून येणारा स्क्रू त्यातच बसतो. मूठ खाली ओढून काढली की हा दुवा बहुतेकदा रिव्हॉल्व्हरवरच राहून जातो, आणि त्याच्याशिवाय मूठ घेणाऱ्याच्या काहीच उपयोगाची नसते. म्हणून दुवा आणि स्क्रू आठवणीने सोबत द्यावेत. मूठ कोमट पाण्याने व साबणाने धुवावी, आणि तेल लागून रबर चिकट झाले असेल तर ती कोणालाही देऊ नये.