पिस्तूल परवान्याचे प्रशिक्षण: टेक्सासमध्ये ते नेमके कुठे घेतलेले चालते?

डॅलसकर: नमस्कार. आम्ही डॅलसजवळ राहतो आणि मला ग्रीन कार्ड मिळून तीन वर्षे झाली. सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासमध्ये पात्र व्यक्तीला परवान्याशिवायही पिस्तूल जवळ बाळगता येते. तरीही इतर राज्यांत जाताना परवान्याचा उपयोग होतो, आणि घरात लहान मूल असल्यामुळे मला सगळे रीतसर शिकूनच घ्यायचे आहे. एका जाहिरातीत ‘संपूर्ण प्रशिक्षण घरबसल्या’ असे वाचले, ते खरे आहे का? माझे धाकटे दीर एच-१बी व्हिसावर ओहायोत असतात. सुट्टीत त्यांच्याकडे जाऊन दोघांनी तिथेच प्रशिक्षण घेतले, तर ते टेक्सासमध्ये ग्राह्य धरतील का?

प्लेनोवासी: ताई, जाहिरात अर्धीच खरी आहे. टेक्सासमध्ये चार ते सहा तासांचा वर्गातला भाग असतो, आणि तो राज्याच्या सार्वजनिक सुरक्षा विभागाने मान्य केलेल्या ऑनलाइन अभ्यासक्रमातून पूर्ण करता येतो. शस्त्रांविषयीचे कायदे, प्राणघातक बळ कधी वापरता येते, वाद हाणामारीवर न नेता कसा मिटवावा आणि मुलांच्या हाती लागणार नाही अशा रीतीने शस्त्र कसे ठेवावे, हे सगळे त्यात येते. हा शेवटचा विषय कृपया घाईने उरकू नका. मात्र प्रत्यक्ष गोळीबाराची परीक्षा घरी होत नाही; ऑनलाइन शिकणाऱ्याला एक ते दोन तासांचे रेंजवरील (नेमबाजीच्या सरावाच्या जागेवरील) शिक्षण मान्यताप्राप्त प्रशिक्षकासमोरच घ्यावे लागते.

परीक्षेत ५० गोळ्या झाडायच्या असतात: ३ यार्डांवरून २०, ७ यार्डांवरून २० आणि १५ यार्डांवरून १०, उत्तीर्ण होण्यासाठी २५० पैकी १७५ गुण लागतात. तीन यार्डांवर कागदावरची मानवाकृती इतकी जवळ दिसते, की हे सहज जमेल असे वाटते. माझ्या पहिल्या काही गोळ्या मात्र पोटाच्याही खाली गेल्या, कारण आवाजाच्या धास्तीने मी चाप झटक्याने ओढत होतो. प्रशिक्षकाने मागे उभे राहून ‘श्वास सोडा, बोट हळू मागे घ्या’ असे दोनदा सांगितल्यावर छिद्रे मधोमध दिसू लागली. ही चूक पडद्यावरून कोणाच्याही लक्षात आली नसती, म्हणून रेंजची अट मला योग्य वाटते.

ओहायोचे म्हणाल, तर कोणत्या गावी शिकलात यापेक्षा प्रशिक्षकाला कोणाची मान्यता आहे, हे पाहिले जाते. तिथल्या स्थानिक प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र टेक्सासच्या अर्जासाठी पुरेसे नाही.

व्हर्जिनियाकर: राज्याराज्यांतला फरक फार मोठा आहे, आणि नियम बदलतही असतात. आमच्याकडे पूर्वी ऑनलाइन प्रमाणपत्र चालत असे, पण १ जानेवारी २०२१ पासून ते बंद झाले. मी त्यानंतर एका संकेतस्थळावर पैसे भरले. त्यांनी जुनीच माहिती ठेवली होती, त्यामुळे सगळे पुन्हा समोरासमोर शिकावे लागले. ओहायोत आठ तासांपैकी किमान दोन तास प्रत्यक्ष, गोळीबारासह, व्हावे लागतात, तर इलिनॉयमध्ये एकूण १६ तास आहेत. युटाच्या परवान्यासाठी मात्र गोळीबाराची अटच नाही आणि त्या राज्याचे मान्यताप्राप्त प्रशिक्षक बाहेरच्या राज्यांतही वर्ग घेतात. पैसे भरण्याआधी राज्याच्या अधिकृत पानावरचा आजचा नियम वाचावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

ह्यूस्टनवासी: दिरांविषयी कोणी लिहिले नाही, आणि माझ्या मते तीच बाब सर्वांत गंभीर आहे. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या व्यक्तीला संघीय कायद्यानुसार बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास मनाई आहे; रेंजवर तासाभरासाठी भाड्याने घेतलेले पिस्तूलही यातून सुटत नाही. वैध शिकार परवान्यासारखे काही मोजके अपवाद आहेत, पण ते आपल्याला लागू होतात असे परस्पर गृहीत धरू नये, कारण चुकीची किंमत खटला आणि व्हिसा अशा दोन्ही रूपांत मोजावी लागू शकते. तुम्हाला ग्रीन कार्डामुळे ही आडकाठी नाही. दिरांना मात्र इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलल्याखेरीज पिस्तूल हातातही घेऊ देऊ नका.

डॅलसकर: सर्वांचे मनापासून आभार. दिरांना आजच फोन करते. वर्गाचा भाग ऑनलाइन न घेता इथेच प्रशिक्षकासमोर बसून पूर्ण करीन, म्हणजे घरात तिजोरी कुठे बसवावी हेही विचारता येईल.