उशिरा पेरलेल्या गव्हाचे पान हिरवे, मग दाणा चिमलेला का?

काळी माती (प्रश्न)

नमस्कार. आमचे शेत निफाड तालुक्यात आहे. खरिपाचा कांदा उशिरा निघाल्यामुळे यंदा गहू डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पेरला गेला. मार्चमध्ये दाणे चिकात असताना सात-आठ दिवस कमाल तापमान ३६ अंशांच्या वर राहिले. पाण्याची एकही पाळी चुकली नव्हती आणि ओंबीखालचे पान बराच काळ हिरवे होते. तरी मळणीनंतर दाणा चिमलेला आणि वजनाला हलका निघाला. उष्णतेत झाडे हीट शॉक प्रथिने तयार करून स्वतःचे रक्षण करतात, असे मी कृषी पदविकेला शिकलो होतो. मग त्या प्रथिनांनी दाणा का वाचवला नाही? आणि उष्णता वाढल्याचे झाडाला मुळात कळते कसे?

बीजांकुर

आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे अर्धे उत्तर त्यातच आहे. पेशीत हीट शॉक फॅक्टर नावाची नियामक प्रथिने असतात. एरवी एचएसपी ७० आणि एचएसपी ९० ही रक्षक प्रथिने (एचएसपी म्हणजे तुम्ही म्हणता तीच हीट शॉक प्रथिने) त्यांना धरून निष्क्रिय ठेवतात. तापमान वाढले की पेशीतील इतर प्रथिनांच्या घड्या उलगडू लागतात, रक्षक प्रथिने त्यांना सावरण्यात गुंततात आणि फॅक्टर मोकळे होतात. मग ते तीन-तीनच्या गटाने डीएनएवरील ठरावीक जागी बसतात आणि काही मिनिटांतच आणखी रक्षक प्रथिनांची निर्मिती सुरू होते. दुरुस्ती उरकली की रक्षक प्रथिने पुन्हा रिकामी होतात आणि फॅक्टरला धरून ही सूचना थांबवतात. म्हणजे या मार्गाने पेशी हवेचे तापमान मोजत नाही, स्वतःचे किती बिघडले ते मोजते. मला यातली ही गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते. याखेरीज उष्णतेने पेशीपटल पातळ झाले की कॅल्शियम आत शिरते, आणि तीही एक सूचनाच असते.

हा प्रतिसाद प्रथम फळमाशीत दिसला. फेरुचिओ रितोसा यांनी तो १९६२ मध्ये नोंदवला. वनस्पतींमध्ये या फॅक्टरांची संख्या बरीच मोठी आहे. प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या अरबिडॉप्सिस या छोट्या रोपात ते २१ आहेत, तर गव्हात गुणसूत्रांचे तीन संच एकत्र आल्यामुळे ५० हून अधिक आहेत. रक्षक प्रथिनांपैकी एचएसपी १०१ चे काम मुद्दाम सांगण्यासारखे आहे: एकमेकांत अडकून गोळा झालेल्या प्रथिनांतून ते एकेक साखळी ओढून बाहेर काढते, आणि त्यासाठी एटीपीच्या रूपातील ऊर्जा खर्च करते.

हुरडा

आता दाण्याबद्दल. गव्हाच्या दाण्याचा मोठा भाग पिष्ट (स्टार्च) असतो, आणि साखरेपासून पिष्ट बनवणाऱ्या साखळीतील विद्राव्य स्टार्च सिंथेस हे एन्झाइम उष्णतेला फार नाजूक आहे. दाण्यात त्याचे काम २० ते २५ अंशांच्या आसपास उत्तम चालते आणि त्यापुढे मंदावत जाते. त्यामुळे पानाकडून साखर येत राहिली, तरी तिचे पिष्ट पुरेसे होत नाही. शिवाय उष्णतेत दाणा लवकर पक्व होतो, म्हणजे भरण्याचे दिवसच कमी पडतात.

पान हिरवे दिसले म्हणून ते पूर्ण क्षमतेने काम करत असते असेही नाही. कार्बन डायऑक्साइड पकडणारे रुबिस्को हे एन्झाइम स्वतः बरेच काटक आहे, पण त्याला कामास लावणारे रुबिस्को ॲक्टिव्हेज त्याच्या खूप आधी ढिले पडते. हरितद्रव्य मात्र तेव्हाही जागेवरच असते. रक्षक प्रथिने बिघडलेली घडी सावरू शकतात. एखाद्या एन्झाइमच्या बांधणीतच असलेली उष्णतेची मर्यादा ती ओलांडू शकत नाहीत.

काळी माती

खूप आभार, शंका फिटली. मग ही रक्षक प्रथिने कायम जास्त बनवणारा वाण तयार करता येणार नाही का? आणि फवारणीने काही साधते का?

रोपवाटिका

तसे प्रयोग झाले आहेत, पण हे फॅक्टर कायम चालू ठेवलेली झाडे अनेकदा खुजी राहतात, कारण वाढीची ऊर्जा संरक्षणात जाते. त्यापेक्षा नेमक्या कमकुवत दुव्यावर काम करणे मला अधिक आशादायक वाटते. आफ्रिकी भाताचे टीटी १ हे जनुक २०१५ मध्ये उजेडात आले. ते बिघडलेली प्रथिने लवकर मोडून काढायला मदत करते. आपल्याकडचा नगीना २२ हा जुना भात तर उष्णता सहन करण्यासाठी जगभरच्या पैदासकारांना माहीत आहे. गव्हात रुबिस्को ॲक्टिव्हेज अधिक काटक करण्याचे प्रयत्न चालू आहेत.

तुमच्या निफाडच्याच संशोधन केंद्राचा एनआयएडब्ल्यू ३४ हा वाण उशिरा पेरणीसाठी आहे, पण उशिराची शिफारससुद्धा साधारण १५ डिसेंबरपर्यंतचीच असते. उशिराचे वाण तग धरतात त्यात लवकर ओंबी टाकून उन्हाळा चुकवण्याचा वाटा मोठा असतो, हे लक्षात घ्यावे. पोटॅशची ०.२ टक्के फवारणी ओंबी निसवताना सुचवली जाते. पर्णरंध्रांच्या उघडझापीला आणि साखरेच्या वहनाला पोटॅशियम लागते, म्हणून तिला आधार आहे, पण डिसेंबरअखेरची पेरणी तिने भरून निघणार नाही. पुढच्या वर्षी एकच वाण दोन तारखांना थोडा थोडा पेरा आणि दोन्हींच्या हजार दाण्यांचे वजन करून इथे कळवा.