पहिलीच अमेरिका वारी: न्यूयॉर्क आणि शिकागो, दोघंच, सल्ला हवा

मिरज_जंक्शन:
नमस्कार मंडळी. मी ६३, सौ. ५९. रेल्वेत ३४ वर्षं काढली, शेवटची बरीच वर्षं मालगाडीवर गार्ड होतो. व्हिसा मिळालाय, ऑक्टोबरात १५ दिवस जायचंय. तिकडं मुलगा-मुलगी, भाचे-पुतणे कुणी नाही. बजेट दोघांचं मिळून ७ लाख, विमान धरून, त्याच्यावर एक रुपया नाही. न्यूयॉर्क माझ्यासाठी आणि शिकागो सौ.साठी, तिच्या माहेरी देव्हाऱ्याशेजारी विवेकानंदांचा फोटो होता, त्यामुळं १८९३ साली ते जिथं बोलले ती जागा तिला बघायचीच आहे. तिचे गुडघे दुखतात, जिने जमत नाहीत. आम्ही शाकाहारी. न्यूयॉर्कात राहायचं कुठं, जेवायचं काय, आणि तिथनं शिकागोला रेल्वेनं कसं जायचं एवढं सांगा.

बेएरिया_बंड्या:
काका शिकागो कट करा, वेस्ट कोस्ट करा. आम्ही आईबाबांना सॅन फ्रान्सिस्को, वेगास आणि ग्रँड कॅन्यनला हेलिकॉप्टरनं फिरवलं, बाबा अजून सगळ्यांना व्हिडिओ दाखवतात. साडेअकरा लाख झाले पण आयुष्यात एकदाच जातो ना माणूस.

मिरज_जंक्शन:
७ लाख लिहिलंय.

सातारी_पेढा:
नायगारा घ्या. अमेरिकेला जाऊन नायगारा नाही बघितला तर परत आल्यावर लोक काय विचारणार? आम्ही टूर कंपनीबरोबर गेलो, जेवण-बिवण सगळं त्यांचं, बघायचं पण टेन्शन नाही.

एडिसनवाली:
दादा, मी १८ वर्षं न्यू जर्सीत आहे, सासू-सासरे चारदा येऊन गेले, त्यावरनं सांगते. मॅनहॅटनमध्ये राहू नका, तुमचं अर्धं बजेट खोलीतच जाईल. जर्सी सिटीत जर्नल स्क्वेअरजवळ बघा, तिथनं पाथ ट्रेन थेट वर्ल्ड ट्रेड सेंटरला आणि ३३व्या स्ट्रीटला जाते, रात्रभर चालू असते. स्टेशनपासून पाच-दहा मिनिटांवर न्यूअर्क अव्हेन्यूला आपली दुकानं आहेत, डोसा, थाळी, किराणा सगळं मिळतं. जेवणाचा प्रश्न तिथंच सुटला.
आता काकूंच्या गुडघ्यांचं. न्यूयॉर्कची सबवे, म्हणजे जमिनीखालची रेल्वे, १९०४ पासूनची आहे, ४७२ स्टेशनं, आणि बऱ्याच ठिकाणी लिफ्टच नाही. नकाशात व्हीलचेअरची खूण असलेली स्टेशनं बघून ठेवा आणि शक्य तिथं सिटी बस घ्या, बस फूटपाथकडं खाली झुकते, चढायला सोपं जातं, आणि खिडकीतनं शहर पण दिसतं. मशीनमधनं तिकिटाचं ऑम्नी कार्ड घ्या, सबवे काय न्यूयॉर्कची बस काय, एका वेळचे ३ डॉलर. पाथचं तिकीट वेगळं.
लिबर्टीच्या पुतळ्यासाठी बेटावर उतरायची हौस नसेल तर स्टेटन आयलंडची फेरी फुकट आहे, २५ मिनिटं, जाताना उजव्या बाजूला उभं राहायचं, लिबर्टी समोरनं जाते.

कोथरूडकर_निवृत्त:
आमचा अनुभव लिहितो म्हणजे तुमचं तसं होणार नाही. हॉटेलात (नाव घेत नाही) चेक-इनला फोरेक्स कार्ड (आधी डॉलर भरून नेतो ते) दिलं. त्यांनी खोलीच्या भाड्यावर दर रात्रीचे १०० डॉलर डिपॉझिट म्हणून अडकवले, ५ रात्रींचे ५००. कार्डात पैसे असून नसल्यासारखे, हिनं टॅक्सीसाठी कार्ड दिलं तर डिक्लाइन. परत मिळाले ते पुण्यात आल्यावर, १६ दिवसांनी. तेव्हा हॉटेलला क्रेडिट कार्डच द्या आणि फोरेक्स कार्ड खर्चाला ठेवा.
दुसरं म्हणजे किमतीवर टॅक्स लिहिलेला नसतो, काउंटरवर लागतो, न्यूयॉर्क शहरात ८.८७५ टक्के. वर बसून जेवलात तर १८-२० टक्के टिप. मेनूतला २० डॉलरचा पदार्थ २५-२६ ला पडतो.

सुगरण_माई:
इलेक्ट्रिक किटली घेऊन जा, मॅगी, रेडी टू ईट उपमा, चहा सगळं खोलीत होतं. आम्ही सिंगापूरला असंच केलं.

खडूस_इंजिनियर:
माई, सिंगापूरला २३० व्होल्ट आहे. अमेरिकेत १२० व्होल्ट. आपली किटली तिथं लावली तर पाव पॉवरच मिळते, पाणी उकळायला अर्धा तास बसा. पिन पण दोन चपट्या पात्यांची. मोबाईलचा चार्जर १००-२४० चा असतो, त्याला नुसता अडॅप्टर चालतो. किटली तिकडंच स्वस्तातली घ्या.

सुगरण_माई:
माझ्या बहिणीची चालली होती.

खडूस_इंजिनियर:
ड्युअल व्होल्टेजची असेल. तळाचं लेबल बघा.

डेव्हन_रोड:
शिकागोत आहे मी, त्यामुळं शिकागो कट करा म्हणणाऱ्यांचं वाईट वाटतं. काकूंना नक्की आणा. मिशिगन अव्हेन्यूवरचं आर्ट इन्स्टिट्यूट, दारात दोन ब्राँझचे सिंह. ११ सप्टेंबर १८९३ चं भाषण झालं तो हॉल तात्पुरता होता, तो आता नाही, इमारत मात्र तीच आणि त्या जागी आज फुलर्टन हॉल आहे. समोरच्या रस्त्याला स्वामी विवेकानंद वे अशी मानाची पाटी पण आहे. डेव्हन अव्हेन्यूला गुजराती थाळीपासून सगळं मिळतं.
पण काका रेल्वे नको. लेक शोअर लिमिटेड ही गाडी जवळपास २० तास घेते, विमान अडीच तास. आणि पलीकडचा बराचसा रूळ मालगाडी कंपन्यांचा आहे, अ‍ॅमट्रॅक, म्हणजे इथली पॅसेंजर गाड्यांची कंपनी, त्यावर पाहुणी, त्यामुळं उशीर होतो. विमानाचं तिकीट आधी काढलं तर स्वस्त पण पडेल.

सातारी_पेढा:
तेच तर, विमानानं जा आणि वाचलेल्या दिवसात नायगारा.

बेएरिया_बंड्या:
२० तास बसून आईचे पाय सुजतात काका. प्लीज विमान.

एडिसनवाली:
मी पण विमानच म्हणेन. एक महत्त्वाचं राहिलं, भारतातनं येताना मल्टी-सिटी तिकीट काढा, न्यूयॉर्कला उतरायचं आणि शिकागोहून परतायचं, उलट यायला लागत नाही. आणि ट्रॅव्हल इन्शुरन्स घ्याच, आधीच्या आजारांचं त्यात काय लिहिलंय ते ओळ न ओळ वाचा. सासऱ्यांना इथं छातीत दुखलं तेव्हा नुसत्या तपासण्यांचं बिल बघून आम्ही दोघं रात्रभर जागे होतो. गोळ्या चिठ्ठीसकट हातातल्या बॅगेत. चटणी-बाकरवडी आणा पण कस्टमला खाणं आहे म्हणून सांगा, ताजा कढीपत्ता आणि फळं आणू नका.

मिरज_जंक्शन:
सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं. जर्नल स्क्वेअर नक्की केलं. हॉटेलसाठी मुलाचं क्रेडिट कार्ड चालणार नाही असं कळलं, कार्डावर माझंच नाव लागतं, म्हणून बँकेत जाऊन स्वतःचं काढलं. मल्टी-सिटी तिकीट पण झालं.
पण शिकागोला रेल्वेनंच जाणार. मी आयुष्यभर मालगाडीच्या ब्रेकव्हॅनमध्ये बसून पॅसेंजरला वाट दिली, सायडिंगला तास-तास उभा राहिलोय, मागं दिव्याचा उजेड आणि पुढं पंचावन्न डबे. तिकडं मालगाडीच्या वाटेवरनं पॅसेंजर जाते आणि डब्यावर डबा ठेवलेले कंटेनर मैल-मैल लांब असतात, ते मला खिडकीतनं मोजायचंय. उशीर झाला तर झाला. सौ.ला विचारलं, ती म्हणाली मिरज-हावडा बसून गेलोय की आपण, मध्ये उठून चालायला तरी मिळतं, विमानात ते पण नाही. साध्या चेअरची दोन तिकिटं काढली.

सातारी_पेढा:
गाडी बफेलोवरनंच जाते. तिथं उतरा ना, नायगारा जवळ आहे!

मिरज_जंक्शन:
बफेलोला मध्यरात्र होते भाऊ. नाही.

एडिसनवाली:
बरं, ठरलंच आहे तर ऐका. डाव्या खिडकीला बसा, न्यूयॉर्क सोडल्यावर दोन-अडीच तास हडसन नदी त्याच बाजूला असते आणि ऑक्टोबरात झाडं लाल-पिवळी झालेली असतात. मोइनिहान हॉलमध्ये, म्हणजे न्यूयॉर्कला गाडी सुटते त्या स्टेशनात, फलाट नंबर बोर्डावर अगदी शेवटी लागतो, तेव्हा काकूंसाठी रेड कॅप हमाल आधीच सांगून ठेवा, ते लिफ्टनं खाली नेतात, तिकीट लागत नाही, फक्त टिप. शिकागोचं घड्याळ एक तास मागं. कॅफेच्या डब्यात शाकाहारी फार मिळणार नाही, रविवार असला तर पोळ्या आणि बटाट्याची भाजी मी स्टेशनवर आणून देते. तारीख कळवा, आणि काकूंना तिखट कितपत चालतं तेही.