मदत हवी आहे: जुना मॅसी १०३५ ट्रॅक्टर, मागचं तेल कमी होतंय आणि चढाला क्लच घसरतोय

राम राम मंडळी.

ट्रॅक्टर १९९८ चा, वडिलांनी घेतलेला. तीन सिलिंडर, डबल क्लच (एक प्लेट चाकांसाठी, दुसरी पीटीओसाठी, म्हणजे मागे यंत्र फिरवणाऱ्या दांड्यासाठी), साधं स्टिअरिंग. इंजिनाचं काम एकदा झालंय, गिअरबॉक्स अजून कुणी खोललेला नाही. भाग राहुरीचा. ऊस, कांदा, आणि उरलेल्या वेळात शेणखत-मुरूम वाहणं.

तक्रारी दोन आहेत आणि त्यांचा एकमेकींशी संबंध आहे की नाही तेच कळेना.

पहिली तेलाची. याच्यात गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि लिफ्ट या सगळ्यांना एकच तेल. वरच्या खुणेपर्यंत भरलं की कामाच्या आठवड्यात खालच्या खुणेला टेकतं. एवढं गळत असेल तर शेडमध्ये थारोळं दिसायला हवं ना? दिसतो तो फक्त क्लच हाउसिंगखाली सकाळी रुपयाएवढा डाग. मागच्या दोन्ही हबवर आणि पीटीओच्या सीलजवळ हात फिरवून बघितला, धूळ कोरडी आहे. ब्रेकही दोन्ही बाजूंचे सारखे लागतात.

दुसरी ओढीची. भरलेली ट्रॉली घेऊन चढ लागला की वरच्या गिअरमध्ये इंजिनाचा आवाज चढतो, गाडी मात्र तिथंच. मग जळका वास. क्लच सोडताना पाठीला जाणवेल इतकी थरथर होते. मळणी यंत्र पीटीओवर बिनतक्रार चालतं. शिवाय उताराला रेस सोडली की तिसरा गिअर निसटून न्यूट्रल होतो, आता मी दांडा हाताने धरूनच उतरतो.

मिस्त्री म्हणतात, गिअरबॉक्सच्या पुढचं सील गेलंय, तेच तेल क्लचवर येतंय, ट्रॅक्टर मधून खोलावा लागेल आणि खोललाच आहे तर क्राऊन-पिनियनही (डिफरन्शियलचे मुख्य दातेरी गिअर) बघू. हे "बघू" केवढ्याला पडतं ते इथं सगळ्यांना ठाऊक आहे. खोलण्याआधी घरच्या घरी काय तपासता येईल?

प्रतिसाद १

आधी टपकतंय ते तेल कोणतं ते ठरवा. क्लच हाउसिंगच्या तळाला एक भोक असतं, त्यात कॉटर पिन लोंबत असते. ती तिथं असते ती चिखलाने भोक बुजू नये म्हणून. ती हलवून भोक मोकळं करा आणि रात्री खाली पांढरा पुठ्ठा ठेवा. डाग काळा आणि पातळ असेल तर इंजिन ऑइल, म्हणजे इंजिनाच्या क्रँकचं मागचं सील. दाटसर आणि रंगाने फिकट असेल तर गिअरबॉक्सचं. हाउसिंग एकच, तेल दोन बाजूंनी येऊ शकतं, आणि मिस्त्री लोक बऱ्याचदा नुसतं वाकून बघून निकाल देतात. सोबत इंजिनाची डिपस्टिकही रोज बघा, ती तुम्ही लिहिलीच नाही.

प्रतिसाद २

क्लच पेडलचा फ्री प्ले (क्लचवर जोर येण्याआधी पेडल मोकळं दबतं ते अंतर) किती आहे? प्ले शिल्लक नसेल तर प्लेट पूर्ण दाबलीच जात नाही आणि नवी प्लेटही घसरेल. आमच्याकडे निम्मे ड्रायव्हर पेडलवर पाय ठेवूनच गाडी चालवतात, तोही तोच प्रकार. तपासायला मोकळ्या जागेत ब्रेक लॉक करा, समोर कुणी नको, वरचा गिअर टाका, कमी रेसवर क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडलं तर पकड आहे. चालूच राहिलं तर घसरतोय. हे पुन्हा पुन्हा करू नका, उरलेली प्लेटही जाईल.

पीटीओ व्यवस्थित चालतोय म्हणजे डबल क्लचमधली चाकाकडची प्लेट आजारी आहे. थरथर म्हणजे बहुतेक तेल लागलेलं.

प्रतिसाद ३

ट्रॉली हायड्रोलिक आहे का? आणि ती एकट्याचीच आहे का? मागचं तेल ट्रॉली उचलणाऱ्या जॅकमध्ये जातं. ट्रॉली पूर्ण खाली बसायच्या आत लिव्हर न्यूट्रल केली आणि पाईप काढला की तेवढं तेल तिकडेच राहतं. भाऊबंदकीत तीन ट्रॅक्टर एकच ट्रॉली ओढत असतील तर कुणाचं तेल कुणाकडे, हिशेब लागत नाही. दुसऱ्याच्या तेलातलं पाणीही तुमच्या हाउसिंगमध्ये येतं. पातळी बघताना ट्रॉली आणि लिफ्टचे हात दोन्ही खाली हवेत, ट्रॅक्टर सपाटीला.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. पुठ्ठ्यावर डाग काळाकुट्ट निघाला, बोटाला पातळ. इंजिनाची डिपस्टिकही थोडी उतरलेली आहे. म्हणजे थेंब इंजिनाचेच.

ट्रॉली बाजूला ठेवून नुसती नांगरट केली तर मागची पातळी जागची हलली नाही! मग ट्रॉलीखाली आडवा झालो. जॅकच्या खालच्या चॅनेलवर बोटभर जाडीची काळी माती थापल्यासारखी बसलेली, वरून कोरडी. स्क्रू ड्रायव्हरने खरवडली तर आतून ओली, तेलकट. शिवाय चुलत्यांची ट्रॉलीही आम्ही जोडतो, तो भाग वेगळाच.

फ्री प्ले होता, थोडा वाढवून पाहिला, चढाला फरक नाही. क्लच काढावाच लागणार. पण मग क्राऊन-पिनियन?

प्रतिसाद १

जॅकला सील किट टाका, मागच्या तेलासाठी ट्रॅक्टरला हात लावायचं कारण नाही.

क्राऊन-पिनियनचं ट्रॅक्टरच सांगेल. सकाळी इंजिन थंड असताना मागचा ड्रेन बोल्ट थोडासाच ढिला करा. पाणी असेल तर आधी तेच येईल. तेल दुधाळ दिसलं तर सगळं बदला आणि गिअरच्या दांड्याचं रबर फाटलंय का बघा, धुताना पाणी तिथूनच जातं. नंतर तेल स्वच्छ भांड्यात काढून त्यात चुंबक फिरवा. राखेसारखा मऊ लगदा एवढ्या जुन्या ट्रॅक्टरला चालतो. कपच्या किंवा दाताचा तुकडा आला तरच पुढचं खोला. ओढीला गुरगुर नाही, वळताना कटकट नाही, मग कशाला उकरायचं? तिसरा गिअर निसटतोय तो आधी वरचं कव्हर काढून बघा, गिअर जागेवर धरणारी शिफ्टरची गोळी-स्प्रिंग मेली असेल किंवा फोर्क झिजला असेल. गिअरचे दातच गोल झाले असतील तर मात्र खर्च आहे.

प्रतिसाद २

क्लचसाठी मधून खोलालच, तर क्रँकचं मागचं सील, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग आणि गिअरबॉक्सच्या पुढचं सील एकदमच घ्या. सील स्वस्त आहे, पुन्हा खोलायची मजुरी स्वस्त नाही. दोन्ही प्लेटा बदला, फ्लायव्हील निळं पडलं असेल तर लेथवर घासून घ्या. मागे दोरीचं सील असेल तर ते तेलात भिजवून नीट दाबून बसवणारा माणूस बघा. आणि त्याआधी इंजिनाचा ब्रीदर (आतली हवा बाहेर जायची वाट) साफ करा. तो चोक असला तर आत दाब वाढतो आणि नवं सीलही गळतं.

धागाकर्ता

ब्रीदर बघितला, बोळा अडकल्यासारखा गच्च होता. डिझेलने धुतलाय. मिस्त्रींना क्लच आणि सीलपुरतंच काम सांगितलंय, मागचं तेल मी समोर उभा राहून काढणार. नगर किंवा श्रीरामपूरकडे दोरीचं सील बसवणारा चांगला कारागीर कुणाच्या माहितीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.