मदत हवी आहे: १९९८ची मारुती ८००, इंजिनातून टिकटिक. ऑइलमध्ये क्लीनर ओतू का?

खांडेपारची ८००

नमस्कार मंडळी. बाबांची १९९८ची ८०० आहे, कार्बोरेटरवाली, मीटर ९१ हजारांवर. गेली पाचसहा वर्षं ती फक्त खांडेपार ते फोंडा बाजार आणि परत एवढीच धावते. पावसाळ्यात तर आठवडा आठवडा शेडमधून बाहेर पडत नाही.

जूनपासून बॉनेटखालून टिक टिक टिक येतंय. शेजारच्या खोलीत कोणी शिलाई मशीन चालवतंय असं वाटतं. सकाळी पहिल्या स्टार्टला जास्त, बाजारात पोचेपर्यंत थोडं कमी, पण पूर्ण जात नाही. ॲक्सिलरेटर दिला की टिकटिकही तेवढीच घाई करते. ऑइलचा लाल दिवा स्टार्ट झाल्या झाल्या विझतो. पिकअप होता तसाच आहे, म्हणजे फारसा नाहीच.

नेहमीच्या गॅरेजमध्ये सांगितलं की हाफ इंजिन खोलावं लागेल. स्पेअरपार्टच्या दुकानात एक बाटली हातात ठेवली, ऑइलमध्ये ओता, टॅपेट (व्हॉल्व्ह दाबून उघडणारे भाग) साफ होतील म्हणे. यूट्यूबवर एका अमेरिकन माणसाच्या केवढ्या तरी मोठ्या इंजिनाचा आवाज असल्याच बाटलीने वीस मिनिटांत बंद झालेला पाहिला. बाबा म्हणतात ओतून टाक. आई म्हणते आधी चार जणांना विचार. चवथीला माटोळीचं (गणपतीवर बांधायच्या फळाफुलांच्या मांडवीचं) सामान आणि आईबाबांना घेऊन साखळीवरून केरीला मूळ घरी जायचंय, म्हणून विचारतेय. ओतू का?

पणजीत पार्किंग नाही

घाला बिनधास्त. माझ्या गाडीला लागू पडलं. ३०० किलोमीटरमध्ये आवाज बंद, दोन वर्षं झाली.

उसगावचा टिप्पर

बाटलीला पैसे कशाला? आम्ही खाणीवर असताना अर्धा लिटर रॉकेल चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात, घालायचो, दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचं आणि काढून टाकायचं. आतून भांड्यासारखं स्वच्छ.

रिटायर फिटर

बाय, बाटली उघडू नकोस. फोडली असशील तर झाकण लाव.

@पणजीत पार्किंग नाही, तुमची गाडी कुठली ते लिहिलं नाहीत. बहुतेक हायड्रॉलिक टॅपेटची असणार. त्या टॅपेटच्या पोटात छोटा प्लंजर असतो, तो ऑइलच्या दाबाने गॅप आपोआप भरून काढतो. ऑइलची वाट अगदी बारीक. तिथे गाळ बसला की प्लंजर भरत नाही, गॅप राहतो आणि टिकटिक सुरू होते. अशा इंजिनात क्लीनरने गाळ सुटला की आवाज जातो, यात खोटं काही नाही. त्या अमेरिकन माणसाचंही तेच असेल.

पण ८००मध्ये हायड्रॉलिक टॅपेट नाहीतच. तिथे रॉकरच्या, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांडीच्या, टोकाला स्क्रू आणि वर लॉकनट. व्हॉल्व्ह आणि स्क्रू यांच्यातला गॅप माणसाने हाताने ठेवायचा असतो. हजारो किलोमीटर ठोके खाऊन तो बदलतो. बाटलीतलं औषध गाळ काढेल, स्क्रू कसा फिरवेल?

तीन प्रकारच्या बाटल्या एकाच कपाटात असतात, म्हणून घोळ होतो. एक ऑइल बदलण्याच्या आधी ओतायची: दहापंधरा मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवायची, चालवायची नाही, आणि ऑइल गरम असतानाच सोडायचं. दुसरी नव्या ऑइलमध्ये घालून तशीच ठेवायची, ती हायड्रॉलिक टॅपेटसाठी. तिसरी पेट्रोलच्या टाकीत. तिचा टॅपेटशी संबंधच नाही. तुझ्याकडे कुठली आहे ते लेबल वाचून सांग.

आणि टिप्परबाब, रॉकेल मीही घातलंय, लपवत नाही. पण ते ऑइल पातळ करतं, आणि त्या दहा मिनिटांत बेअरिंगांवर ऑइलचा थर नीट राहत नाही. शिवाय जुन्या इंजिनातला गाळ विरघळत नाही, तुकड्यांनी सुटतो. ते तुकडे चेंबरमधल्या स्ट्रेनरच्या जाळीवर जाऊन बसले की पंपाला ऑइल मिळत नाही. आवाज घालवायला गेलो आणि क्रँक घालवली असं झालेलं डोळ्यांनी पाहिलंय.

आता आवाज कुठून येतो ते शोध. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टॅपेट कव्हरच्या बोल्टवर ठेव आणि मूठ कानाला. पट्टा आणि फॅनपासून केस, ओढणी लांब. मग तसंच पेट्रोल पंपाच्या अंगावर ठेवून ऐक, कारण कार्बोरेटरच्या ८००चा पंपही कॅमवरच (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावरच) चालतो आणि तोही टिकटिकतो. टॅपेटची टिकटिक इंजिनाच्या निम्म्या वेगाने येते: इंजिन मिनिटाला ८०० फेरे मारत असेल तर एक व्हॉल्व्ह ४०० वेळा उघडतो. बेअरिंगचा आवाज असा नसतो. तो खालून, जड येतो, चढणीवर गाडीला जोर लागला की वाढतो. तो असेल तर केरीला बसने जा.

कुळागर

पावसाचे दिवस आहेत म्हणून सांगते. रात्री पूर्ण काळोखात बॉनेट उघडून इंजिन चालू करा. आमच्या जुन्या गाडीची टिकटिक म्हणजे प्लगच्या वायरमधून हेडवर उडणारी निळी ठिणगी निघाली. दमट हवेत वायरचं रबर तडकलेलं असलं की हे होतं. नुसतं बघा, हात लावू नका, चांगलाच झटका बसतो.

रिटायर फिटर

हे बरोबर सांगितलं, माझ्या ध्यानात नव्हतं. त्यात आणखी एक: धूर बाहेर नेणाऱ्या मॅनिफोल्डचं पॅकिंग फुंकत असेल तरी थंड इंजिनात टिकटिक येते आणि गरम झाल्यावर कमी होते. पॅकिंगच्या कडेला काजळी दिसते.

ई२०ग्रस्त

सगळा इथेनॉलचा प्रताप आहे. ई२० पेट्रोल आल्यापासून जुन्या गाड्यांची वाट लागली.

रिटायर फिटर

कार्बोरेटरमधल्या जुन्या रबरांसाठी काळजी करा, ठीक आहे. टॅपेटचा स्क्रू इथेनॉल पीत नाही.

खांडेपारची ८००

सगळ्यांचे आभार. काल रात्री वीज गेली होती, काळोख आयताच मिळाला. ठिणगी नाही. काजळीही नाही. स्क्रूड्रायव्हर लावून ऐकलं तर पंपावर हलका आवाज, टॅपेट कव्हरवर मात्र कानात हातोडी. बाबांनीही ऐकलं. त्यांना वाटलं मी नाटक करतेय, मग स्वतः पाच मिनिटं मूठ कानाला लावून उभे.

बाटली दुसऱ्या प्रकारची निघाली. लेबलवर स्पष्ट लिहिलंय, हायड्रॉलिक टॅपेटसाठी.

काका, गॅप किती ठेवायचा? गॅरेजवाला हाफ इंजिनावरच अडून आहे.

रिटायर फिटर

गॅपचा आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये आहे. थंड आणि गरम इंजिनाचे आकडे वेगळे असतात, म्हणून मेस्त्री कुठला धरतो ते विचार. फिलर गेजशिवाय (गॅप मोजायची पातळ पत्र्याची पानं) "अंदाजाने" करणारा असला तर हात जोडून परत ये. आवाज जावा म्हणून गॅप घट्ट करणारेही असतात. मग गाडी गप्प होते खरी, पण गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि जळतो. जरासा वाजणारा टॅपेट बरा.

टॅपेट सेटिंगला इंजिन खोलावं लागत नाही. कव्हर काढायचं, सहा व्हॉल्व्ह, तासाभराचं काम. कव्हरचं पॅकिंग नवं घे, नाहीतर ऑइल झिरपेल.

खांडेपारची ८००

झालं! तिस्कावर एक म्हातारे मेस्त्री मिळाले, फिलर गेज खिशातच घेऊन फिरतात. सहापैकी एका व्हॉल्व्हचा लॉकनटच सैल होता, दोन पानं एकत्र सरकत होती. बाकीच्यांत किरकोळ फरक. दोन व्हॉल्व्ह उलट घट्ट निघाले, ते सैल केले.

कव्हर उघडल्यावर आतलं बघून मात्र लाज वाटली. काळा लगदा, कव्हरच्या वरच्या बाजूला दुधाळ पिवळं काहीतरी. मेस्त्री म्हणाले, पाचसहा किलोमीटरमध्ये ऑइल नीट तापत नाही, आतलं पाणी उडून जात नाही, त्यात पाऊस. रेडिएटरचं पाणी कमी झालेलं नाही, ते त्यांनी आधी तपासलं. हाताने निघाला तेवढा गाळ कापडाने पुसून काढला. फ्लश नको म्हणाले. साधं २०डब्ल्यू-४० ऑइल आणि नवा फिल्टर टाकलाय, हजार किलोमीटरवर पुन्हा दोन्ही बदलायचं, म्हणजे गाळ हळूहळू निघेल. आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास तरी लांब पळवायची. बाबांना हे औषध फार आवडलंय. काल विनाकारण साखळीपर्यंत जाऊन आले.

थंड असताना अगदी बारीक टिकटिक अजून ऐकू येते. चालेल ना?

रिटायर फिटर

चालेल. स्क्रूच्या टॅपेटमध्ये गॅप आहे म्हणजे थोडा आवाज असणारच. लाल दिव्यावर आणि डिपस्टिकवर लक्ष ठेव. चवथीच्या शुभेच्छा, बाबांना नमस्कार सांग.

खांडेपारची ८००

बाटली सीलबंद आहे, दुकानदार परत घेत नाही. कोणाला हवी असल्यास फोंड्यात येऊन फुकट घेऊन जा.

ई२०ग्रस्त

मला हवी.

रिटायर फिटर

गाडी कुठली?

ई२०ग्रस्त

१९९६ची ८००.