मदत हवी आहे: मिड-इंजिन गाडी वळणात गर्रकन फिरते, सावरायची कशी?

नमस्कार मंडळी. घरी सिम्युलेटर आहे, स्टिअरिंग आणि पेडल्सचा सेट लावून. हल्ली त्यावर टोयोटा एमआर२ या मिड-इंजिन (इंजिन सीटच्या मागे, मधोमध) स्पोर्ट्स कारची १९८९ची दुसरी पिढी चालवतोय. वेगात वळण घेताना मध्येच ॲक्सिलरेटर सोडला की मागचा भाग सुटतो आणि सावरायच्या आत गाडी उलट तोंडाची! चूक माझीच, पण हीच चूक पुढे इंजिन असलेल्या गाडीत पचून जाते.

वाचून एवढं कळलं: इंजिन पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये, वजन केंद्राजवळ, म्हणून गाडी चटकन वळते आणि तितकीच चटकन गरगरतेही. पाय उचलला की भार पुढे सरकतो, मागच्या टायरची पकड घटते. टोयोटानेही पुढे सस्पेन्शन बदललं, मागे जास्त रुंद टायर दिले. चादरींचे गठ्ठे मागे लादलेला टेम्पो शेपटी कशी हलवतो ते इथे सोलापुरात एमआयडीसीत रोज दिसतं, पण इथे तर वजन मधोमध!

करून पाहिलेलं: वळणाआधीच ब्रेक संपवणं (थोडा फरक), मागच्या टायरची हवा कमी-जास्त करणं (काही नाही), उलट स्टिअरिंग, म्हणजे वळणाच्या विरुद्ध बाजूला फिरवणं (गाडी दुसऱ्या बाजूला फेकली जाते, हे तर जास्तच वाईट). ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं घसरू न देणारी यंत्रणा) लावा असं कृपया सांगू नका, मूळ गाडीचा स्वभावच शिकायचाय. खरी गाडी चालवायचा बेत नाही.

मागचा भाग सुटायला लागला त्या क्षणी ॲक्सिलरेटर किंचित दाबून धरायचा की आहे तसाच ठेवायचा? आणि उलटं स्टिअरिंग सरळ नेमकं कधी करायचं?