मदत हवी आहे: जानेवारीत भूमध्य समुद्रातील क्रूझवर हवामान कसे असते? वयस्कर आई-आबांना न्यायचे आहे

चोपड्याची लेक:

नमस्कार. माझे आई-आबा चोपडा तालुक्यात तापीकाठच्या गावी राहतात. आबा ७१ वर्षांचे आहेत, आई ६६ वर्षांची आहे. धाकटा भाऊ नोकरीनिमित्त इटलीत तुरिनला असतो. त्याने आम्हा सर्वांसाठी ११ जानेवारीला जिनोआहून निघणाऱ्या सात रात्रींच्या क्रूझची तिकिटे काढली आहेत. मार्ग असा आहे: जिनोआ, मार्सेय, बार्सिलोना, मग एक पूर्ण दिवस समुद्रात, त्यानंतर पालेर्मो, नेपल्स, रोमसाठी चिव्हितावेक्या आणि परत जिनोआ. भावाला सुट्टी याच दिवसांत मिळते आणि उन्हाळ्याच्या मानाने भाडेही बरेच कमी पडते, म्हणून जानेवारी ठरला.

माझी अडचण हवामानाची आहे. मोबाइलवर पाहिले तर या सगळ्या शहरांत दिवसाचे तापमान ११ ते १५ अंश आणि रात्रीचे ४ ते १० अंश दिसते. आबा हे आकडे ऐकून निश्चिंत झाले आहेत. ते म्हणतात, "केळीवर चरका पडू नये म्हणून मी पौष महिन्यात रात्री दोन वाजता उठून पाणी भरतो, बांधावर धूर करतो. तेव्हा पारा सात-आठवर असतो. मला दहा अंशांचे काय सांगता?" त्यांचे म्हणणे खरेच आहे, ती थंडी मीही लहानपणापासून पाहिली आहे. त्यामुळे एक स्वेटर, मफलर, कानटोपी आणि आईसाठी लोकरीची शाल एवढे पुरेल, असे घरात ठरल्यासारखे आहे. मला मात्र राहून राहून वाटते की समुद्रावरची थंडी आणि आपली थंडी एकच नसावी.

दुसरी काळजी समुद्राची आहे. आईने मुंबईत गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या बोटीपलीकडे समुद्रप्रवास केलेला नाही, आणि सप्तशृंगी गडाच्या घाटातही तिला मळमळते. जानेवारीत हा समुद्र किती खवळतो, जहाज किती हलते, आणि हवामानामुळे एखादे बंदर चुकते का, हे ज्यांनी प्रत्यक्ष अनुभवले आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे. आई रोज साडी नेसते आणि पायात चपलाच घालते, हेही लक्षात घेऊन कपड्यांबद्दल लिहावे, ही विनंती.

भुसावळचा प्रवासी:

ताई, तुमची शंका रास्त आहे. आम्ही उभयता माझ्या सासूबाईंना घेऊन जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात जवळजवळ याच मार्गाने गेलो होतो आणि तुमच्या घरी आज जो हिशेब चालला आहे तोच आम्ही केला होता.

आपल्याकडे जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो, पण नऊ-दहा वाजले की ऊन चटकू लागते आणि दुपारी २८-२९ अंशांत स्वेटर काढून खांद्यावर टाकावा लागतो. आपली थंडी रात्रीची आहे आणि कोरडी आहे. तिकडे पहाटे सहा अंश असतील तर दुपारी बारा-तेरा होतात आणि तिथेच थांबतात. ती थंडी दिवसभर उतरतच नाही. त्यात हवा दमट, ऊन तिरपे आणि वर वारा. १० अंशांत ताशी ५० किलोमीटरचा वारा असेल, तर उघड्या अंगाला ते ५-६ अंशांसारखे लागते. आबांना पहाटेच्या थंडीची सवय आहे हे खरे, पण शेकोटी मागे ठेवून दिवसभर त्याच थंडीत चालण्याची सवय आपल्यापैकी कोणालाच नसते.

बंदर चुकण्याचे म्हणाल तर आमचे मार्सेय चुकले. सकाळी आठ वाजता खिडकीतून पाहिले तर आकाश इतके निळे आणि स्वच्छ होते की आम्ही उत्साहाने तयार झालो, आणि तेवढ्यात कप्तानाने घोषणा केली की वाऱ्यामुळे जहाज धक्क्याला लावणे सुरक्षित नाही. ऊन पडले आहे म्हणजे हवा चांगली आहे, हा आपला समज तिथे लागू पडत नाही. आम्ही मार्सेयसाठी बाहेरून बसची सहल आगाऊ पैसे भरून ठरवली होती आणि ते पैसे परत मिळाले नाहीत. म्हणून सांगतो, जहाजाबाहेरची सहल घ्यायचीच असेल तर आयत्या वेळी रद्द करता येईल अशीच घ्या.

कपड्यांत पहिले स्थान वारा आणि पाणी दोन्ही अडवणाऱ्या, टोपी असलेल्या जाकिटाला द्या. ते थोडे मोठ्या मापाचे घ्या, म्हणजे आत स्वेटर मावतो. लोकरीची शाल जहाजाच्या आत उत्तम, पण डेकवर तिच्यातून वारा आरपार जातो आणि ती सावरण्यात एक हात अडकतो. वयस्कर माणसाचा एक हात कठड्यासाठी मोकळा हवा. सासूबाईही साडीच नेसतात. आम्ही त्यांना आतून थर्मलचा पायजमा आणि लोकरी मोजे घातले, वरून गुडघ्यापर्यंत येणारे जाकीट चढवले आणि पदर जाकिटाच्या आत खोचून चेन लावली. शेवटपर्यंत काही त्रास झाला नाही. छत्रीवर भिस्त ठेवू नका. नेपल्सच्या धक्क्यावर आमची छत्री एका झोतात उलटी झाली आणि तिच्या दोन काड्या लोंबू लागल्या. जवळच्या कचरापेटीतून तशाच चार-पाच मोडक्या छत्र्या डोके वर काढून होत्या.

जहाजावरचा धुळेकर:

मी मूळचा धुळ्याचा. मालवाहू जहाजांवर अनेक वर्षे नोकरी केली आणि हिवाळ्यात या समुद्रातून पुष्कळदा गेलो आहे. वर लिहिलेल्या अनुभवामागची कारणे सांगतो, कारण ती कळली की कोणत्या रात्री काळजी घ्यायची हे ठरवता येते.

आपला पावसाळा जून ते सप्टेंबर, तर भूमध्य समुद्राचा पावसाळा हिवाळ्यात असतो. उन्हाळ्यात उच्च दाबाचा पट्टा उत्तरेकडे सरकून तिथले आकाश कोरडे ठेवतो. हिवाळ्यात तो दक्षिणेकडे सरकतो आणि अटलांटिकवरून कमी दाबाची क्षेत्रे एकामागून एक आत येऊ लागतात. शिवाय आल्प्स ओलांडून येणाऱ्या थंड हवेमुळे जिनोआच्या आखातातच नवे कमी दाबाचे क्षेत्र तयार होते. त्यामुळे तिथला पाऊस आपल्या झडीसारखा आठवडाभर धरून राहत नाही. एक दिवस ओला, पुढचे दोन दिवस लख्ख, मग पुन्हा ढग, असा क्रम चालतो. सात दिवसांत दोन-तीन दिवस पावसाचे धरून चाला.

खरा प्रश्न मार्सेय ते बार्सिलोना या एका रात्रीचा आहे. त्या वाटेवर लायनचे आखात लागते. आल्प्स आणि फ्रान्सचे मध्यवर्ती पठार यांच्यामध्ये रोन नदीचे खोरे अरुंद होत जाते, आणि उत्तरेची थंड हवा त्या खिंडीतून समुद्राकडे सुटते. तिला मिस्त्राल म्हणतात. पिरेनीज पर्वताच्या बाजूने असाच दुसरा वारा येतो, त्याचे नाव त्रामोंताना. मिस्त्राल ताशी १०० किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो, कधी सलग अनेक दिवस वाहतो आणि ढग हाकलून देतो. भुसावळच्या भाऊंना निळे आकाश दिसले आणि बंदर मात्र मिळाले नाही, त्याचे कारण हेच. उलट पालेर्मो ज्या बेटावर आहे त्या सिसिलीकडे कधी सहाराकडून सिरोक्को नावाचा वारा येतो. तो उबदार आणि दमट असतो, आणि त्याच्याबरोबर आलेल्या पावसात लाल धूळ असते.

खलाशांनी हा समुद्र हिवाळ्यात कधीच हलका मानला नाही. रोमन लेखक वेगेटियसने ११ नोव्हेंबर ते १० मार्च समुद्र बंद असल्याचे नोंदवून ठेवले आहे. अलीकडचे उदाहरण म्हणजे जानेवारी २०२० मधील ग्लोरिया वादळ. त्यात स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावर, एब्रो नदीच्या मुखाशी समुद्राचे पाणी शेतांत खूप आतवर शिरले होते. घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. आजची प्रवासी जहाजे प्रचंड असतात, त्यांना अंदाज आधी मिळतो आणि ती वादळाला वळसा घालतात. वेळापत्रक बदलते ते या सावधगिरीपोटीच, म्हणून बंदर चुकले तर आई-आबांनी ते कप्तानाने आपली काळजी घेतल्याचे लक्षण समजावे.

तुमची केबिन कोणत्या मजल्यावर, पुढे आहे की मध्यभागी, हे आजच पाहा. जहाज झोक्यासारखे हलते, म्हणून टोकाला आणि उंचावर हालचाल सर्वाधिक आणि मध्यभागी खालच्या मजल्यावर सर्वांत कमी असते. जहाजाच्या कुशीला पंखासारखे स्थिरक असतात. ते डावी-उजवीकडचे डुलणे बरेच कमी करतात, पण समोरून लाट आली की नाक वर-खाली होते, त्याला त्यांचा फारसा उपयोग नाही. अंदाज पाहताना तापमानाकडे कमी आणि वाऱ्याचे झोत व लाटांची उंची यांकडे अधिक लक्ष द्या. चार-पाच दिवस आधीचा अंदाज पुष्कळसा विश्वासार्ह असतो. त्यासाठी विंडी हे ॲप सोयीचे आहे.

चोपड्याची लेक:

दोघांचेही मनापासून आभार. केबिनचे पाहिले: ती वरून दुसऱ्या मजल्यावर, अगदी पुढच्या टोकाला आणि बाल्कनीची आहे. भावाने हौसेने घेतली आहे. ती बदलावी का? आईला मळमळीसाठी घाटात देतो तीच अवोमिनची गोळी चालेल का? आबांना रक्तदाबाच्या गोळ्या सुरू आहेत आणि प्रोस्टेटचाही त्रास आहे. आणि हा सगळा बेत मार्च-एप्रिलवर ढकलणे अधिक शहाणपणाचे ठरेल का?

नंदुरबारची डॉक्टर:

मळमळीच्या बहुतेक गोळ्यांनी झोप येते, तोंड कोरडे पडते आणि वयस्कर माणसाचा तोल जाऊ शकतो. हलत्या जहाजावर तोल जाणे मळमळीपेक्षा अधिक धोक्याचे आहे. प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांना अशा गोळ्यांमुळे लघवी अडण्याची भीती असते, काचबिंदू असेल तर त्याही बाबतीत सावध राहावे लागते. म्हणून आईंची गोळी आबांना देऊ नका. दोघांनाही निघण्यापूर्वी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे न्या आणि गोळी व मात्रा त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. गोळी मळमळ सुरू होण्याआधी घेतली तर अधिक उपयोगी पडते, उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. पोट रिकामे ठेवू नये आणि फार भरूही नये. आलेपाकाच्या वड्या जवळ ठेवाव्यात आणि अस्वस्थ वाटल्यास मोबाइल बाजूला ठेवून क्षितिजाकडे पाहत बसावे.

जहाजावरचा धुळेकर:

केबिन अवश्य बदला. जानेवारीत सूर्य साडेसात-आठच्या सुमारास उगवतो आणि पाच ते पावणेसहाच्या सुमारास मावळतो. बाहेर वारा असताना बाल्कनीत बसणे दिवसातून दहा मिनिटेही होत नाही, त्यामुळे ते पैसे मध्यभागच्या खालच्या केबिनवर खर्च केलेले बरे. दिवस लहान असल्यामुळे रोमच्या दिवशी लवकर निघा, कारण चिव्हितावेक्याहून रोमला जायलाच रेल्वेने तासभर जातो.

बेत पुढे ढकलण्याबद्दल माझे मत असे: मार्चमध्ये ऊब थोडी वाढते, पण वारा फारसा कमी होत नाही. सुखाची हवा एप्रिलच्या उत्तरार्धापासून सुरू होते. भावाची सुट्टी जानेवारीतच असेल तर जा. आबा ७१ वर्षांचे आहेत, प्रवास पुढे पुढे ढकलू नये असे मला वाटते.

भुसावळचा प्रवासी:

चपलांबद्दल लिहायचे राहिले. नेपल्सचे रस्ते काळ्या दगडाच्या फरशीचे आहेत आणि रोमला लहान चौकोनी दगड बसवलेले आहेत. पाऊस पडला की दोन्ही निसरडे होतात. आईंना रबरी तळव्याचे, पाणी न शिरणारे बूट घ्या आणि ते निघण्यापूर्वी पंधरा दिवस घरात वापरायला लावा.

आणि आबांना एक गोष्ट आवर्जून सांगा. आम्ही पालेर्मोच्या बाजारात गेलो तेव्हा संत्र्यांचे ढीग लागले होते. विक्रेत्याने एक संत्रे कापून पुढे केले, तर आतून डाळिंबासारखे लालभडक. त्याच सिसिली बेटावरच्या एटना ज्वालामुखीच्या परिसरात ही लाल संत्री पिकतात आणि रात्रीच्या थंडीशिवाय त्यांना तो रंग चढत नाही. आपल्या केळीवर ज्या थंडीने चरका पडतो, तीच थंडी तिथल्या शेतकऱ्याला हवी असते. माझ्या सासूबाईंच्या घरी रावेरला केळीच आहे. त्या ते संत्रे हातात धरून बराच वेळ उभ्या होत्या.

चोपड्याची लेक:

सर्वांचे ऋण आहे. भावाशी बोलले. त्याने थोडा फरक भरून खालच्या मजल्यावरची मध्यभागातील केबिन मिळवली आहे आणि मार्सेयची बाहेरची सहल रद्द केली आहे. डॉक्टरांची वेळ सोमवारची घेतली आहे. आबांना जाकिटाचे पटवताना वेळ लागला, पण संत्र्यांचे वाचून दाखवल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, की तिथे रात्री किती अंश लागतात आणि पाणी कधी देतात. पालेर्मोला जहाज किती तास थांबते हे आता ते रोज विचारतात. आईच्या बुटांसाठी रविवारी जळगावला जात आहोत.